लाल ठिपका

टेलरमास्तरांच्या थोरल्या लेकीला मुलगी झाली त्या वर्षीची गोष्ट. शोरूमच्या काउंटरवर पुठ्ठ्याचं खोकं उघडं पडलं होतं. आत गाडीतून काढलेले जुने ब्रेक पॅड होते, काळे, झिजून पातळ झालेले. टेलरमास्तरांनी एकेक उचलून सगळीकडून फिरवून पाहिला. लाल ठिपका कुठेच नव्हता.

"हे माझ्या गाडीचे नाहीत," ते म्हणाले.

काउंटरवरची मुलगी हसली. "तुमचेच आहेत काका. बघा ना, किती घासलेत."

"मला नको शिकवू. मी खूण करून दिली होती."

आदल्या दिवशी त्यांनी गाडी नुसती तेल बदलायला दिली होती. दुपारी याच मुलीचा फोन आला. पुढचे ब्रेक गेलेत, शॉकअप गळतायत, बॅटरीचंही काही खरं नाही. एकूण आकडा ऐकून मास्तर मटकन खाली बसले. "बाई गं, तेल बदलायला दिलीय गाडी, विकायला नाही," म्हणाले आणि गाडी परत घेऊन आले. पण थोरलीला आणि बाळाला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. ब्रेकचं नाव काढल्यावर मनात पाल चुकचुकलीच. ब्रेक तेवढे बदलायचे ठरले.

संध्याकाळी मेहुणा आला. "दाजी, ते काही बदलत नाहीत. जुनंच पुसून बसवतात नि दुसऱ्याचं भंगार तुमच्या हातात देतात. खूण करून द्या, मग बघा गंमत."

कापडावर आखायचा खडू पुसला जाईल म्हणून मास्तरांनी थोरलीचा नखांचा लाल रंग काढला. चाकाच्या फटीतून हात घातला, ब्रेक चाचपला आणि त्यावर टपोरा ठिपका दिला. इकडे एक, तिकडे एक. सकाळी गाडी शोरूमला नेली. तिथल्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत आपली जुनी गाडी उभी करताना त्यांना अंग चोरून घ्यावंसं वाटलं होतं.

आता काउंटरपाशी बसलेली माणसं माना वळवून बघू लागली आणि मास्तरांना जोर चढला.

"चोर आहात सगळे! कुणी केलं हे काम? बोलवा त्याला बाहेर."

मिस्त्री बाहेर आले. वयस्कर होते. जाड भिंगांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिथे सगळे त्यांना मामा म्हणत. हात पुसत ते म्हणाले, "साहेब, मी स्वतः बसवलेत नवे. या, चाक काढून दाखवतो."

"चाक काढून काय दाखवता? माझी खूण दाखवा!"

मॅनेजर लगबगीने आला. जमलेली माणसं पाहून हळूच म्हणाला, "मामा, माफी मागा आणि संपवा."

"पण माझं चुकलं काय ते तरी..."

"मागा म्हणतो ना."

मामांनी चष्मा काढला. माफी मागितली. चष्मा तसाच हातात धरून चाचपडत आत गेले.

मजुरी माफ झाली. पुढे किती तरी दिवस मास्तर ही हकीकत दुकानात येईल त्याला सांगत होते. सांगता सांगता हात चालूच असायचे. शिवलेल्या कपड्याबरोबर उरलेल्या कातरणाची पुरचुंडी बांधून द्यायची त्यांची पद्धत होती. तरुणपणी एका गिऱ्हाइकाने भर बाजारात त्यांना कापडचोर म्हटलं होतं, तेव्हापासूनची.

मग एकदा रस्त्यात पुढचं चाक पंक्चर झालं. नातीला कडेवर घेऊन बायको सावलीत थांबली. मास्तरांनी जॅक लावला, चाक ओढून काढलं. आत लाल ठिपका उन्हात चमकत होता.

तो पॅडवर नव्हताच. पॅड ज्या लोखंडी जबड्यात बसतात, त्या जबड्यावर होता. तो जबडा गाडीला कायमचा. पॅड त्याच्या आत होते, जाडजूड, नवे. त्या दिवशी फटीतून जे हाताला लागलं होतं, त्यालाच मास्तर ब्रेक समजले होते.

"काय झालं हो? काय बघताय एवढं?" बायकोने विचारलं.

"काही नाही." ते नखाने ठिपका खरवडू लागले. तो निघेना.

त्यानंतर मास्तरांनी शोरूमचा रस्ता सोडला. अस्तर आणायला जायचं तरी वळसा घालून जात. दुकानात ती हकीकत बंद झाली. मेहुण्याने कुणापुढे काढलीच, तर मास्तर मशीन जोरात चालवत. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता नात भिंत धरून उभी राहिली, मग घरभर पळू लागली.

शेवटी एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. काउंटरवरची मुलगी नवी होती. ती एका गिऱ्हाइकाला चाक काढलेल्या गाडीपाशी घेऊन गेली. डबीत ब्रश बुडवून तिने त्याच्या देखत जुन्या पॅडवर लाल ठिपका दिला.

"हा ठिपका ओळखून संध्याकाळी तुमचा माल घेऊन जा, काका."

गिऱ्हाईक गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "हे कधीपासून करता?"

"आमच्या मामांनी सुरू केलं. त्यांना कुणी तरी चोर म्हटलं होतं म्हणे, ठिपक्यावरून. सगळ्यांसमोर. तेव्हापासून चाक काढलं की आधी गिऱ्हाइकाला बोलवायचे. त्याला दाखवल्याशिवाय पॅड काढायचे नाहीत."

मास्तर काउंटरपाशी सरकले. "त्यांना जरा बाहेर बोलवता? मला बोलायचंय त्यांच्याशी. इथेच, सगळ्यांसमोर."

मुलीने ब्रश खाली ठेवला आणि डबीचं झाकण लावलं.

मामा वारले होते. मास्तरांच्या नातीने पहिलं पाऊल टाकलं, त्या महिन्यात.