खुर्चीवरचा रुमाल

सरकारनं नुकतीच नवी फरशी घालून, एसी बसवून दिलेल्या जनावरांच्या दवाखान्यापुढं ग्यानबाची गाय अडली होती. वासराचे पाय बाहेर आले होते, बाकीचं वासरू पोटातच. आत डॉक्टरसाहेबांच्या खुर्चीवर पांढराशुभ्र रुमाल पसरलेला होता.

"सायेब कुठं हाईत?" ग्यानबानं शिपायाला विचारलं.

"हाईत की. रुमाल दिसंना का तुमाला?"

बीदरच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली होते. रोज बीदरहून यायचा कंटाळा असलेल्या साहेबांनी तीच रीत नोकरीला लावली होती.

"अप्पा, गाय मरायलीय माझी!"

"मग मी काय करू, अण्णा? रुमालाला उठवू?"

दुपारी गाय गेली, वासरूही गेलं. ग्यानबा तिला न्यायला ट्रॅक्टर घेऊन आला, तर शिपाई आडवा झाला. "हलवू नका. सायबानं बघितल्याबिगर विमा मिळत न्हाई."

गाय तिथंच राहिली. तिसऱ्या दिवशी साहेब उगवले. फाटकातच वास आला, तसे ग्यानबाकडं न बघता तरातरा आत गेले, खुर्चीवरचा रुमाल उचलून नाकाला लावला आणि गायीपुढं येऊन उभे राहिले.

शिपाई घाबराघुबरा धावत आला.

"सायेब, रुमाल पयलं खुर्चीवर ठिवा. कुणी तपासायला आलं तर तुमी गैरहजर दिसताल."