चुंबळ

खुब्याचं हाड मोडल्यापासून देऊळघाटची रुक्मिणीबाई खाटेवर पडून होती आणि तिच्या माकडहाडावर जखम झाली होती. लेक संजीवनी इंग्लंडात नर्सिंगची डिग्री करत होती. व्हिडिओ कॉलवर भावजयीनं सासूला कुशीवर वळवून मोठ्या कौतुकानं आपली युक्ती दाखवली. जखम टेकू नये म्हणून तिनं जुन्या लुगड्याची चुंबळ करून खाली ठेवली होती, डोक्यावर घागर घेताना करतात तशी, गोल आणि मऊ. संजीवनी किंचाळलीच. "काढ ते, वयनी! त्या कड्यानं भोवतालचं रक्त अडते, म्हणून तर जखम वाढून राह्यली." भावजयीनं चुंबळ उपसून खाटेवर आपटली. "हाव, मीच वाढवली! तिकडं गोऱ्या म्हाताऱ्यायचं हागमूत काढतं अन् मले इथं शाळा शिकवतं? ये ना मंग, ये अन् कर!" ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. परक्यांच्या आयांची कूस बदलण्याच्या परीक्षेत संजीवनी पहिल्या नंबरानं पास झाली होती, आणि स्वतःच्या आईला हात लावायची तिची सोय नव्हती. "संजे," म्हातारी हळूच बोलली, "तू बरोबरच सांगत असशीन, बाई. पण तू सांगतं, हात तिचा लागते मले. उद्या सकाळीबी तिचाच लागन." मग सुनेला म्हणाली, "रडू नको वं. तुह्या चुंबळीनंच बरं वाटते मले." आणि लेकीच्या डोळ्यांदेखत तिनं चाचपडत चुंबळ ओढली आणि पुन्हा स्वतःच्या जखमेखाली सारली.