दुधात खोट नव्हती

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "सापडलं."

समोर मायलेकी बसल्या होत्या. लेक केस कापायची. दिवसभर उभं राहून तिचे वाकडे पाय संध्याकाळी ठणकायचे. आई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"रक्त आणि लघवी एकाच वेळी का घेतली?" लेकीनं विचारलं.

"ताडून पाहायला. हाडांना फॉस्फेट लागतं. मूत्रपिंडं रक्त गाळतात, तेव्हा ते त्यांनी परत ओढून घ्यायचं असतं. तुमच्या रक्तात मुळातच ते कमी, आणि तरी लघवीतून चाललंय. मूत्रपिंडं ते धरूनच ठेवत नाहीत."

आईनं घसा खाकरला. "म्हणजे... मी हिला दूध कमी नव्हतं पाजलं?"

"बादलीभर पाजलं असतं तरी निसटलंच असतं."

आई हळूच म्हणाली, "सगळ्या गोतावळ्यानं मला नावं ठेवली हो. पोरीच्या तोंडचं खाल्लं म्हणाले."

"आणि मी नाक दाबून प्यायले, त्या पेल्यांचं काय?" लेक म्हणाली. आईला हसू फुटलं. डोळेही पुसावे लागले.

"औषधानं दुखणं पुष्कळ कमी होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पायांचा बाक मात्र राहील."

"राहू दे. गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं, माझ्या पायांकडे नाही."

डॉक्टरबाईंची नजर टेबलाखाली, आईच्या पायांवर गेली. तेही तसेच, धनुष्यासारखे. "हे बहुतेक घराण्यातून येतं. आई, तुम्हीही उद्या उपाशीपोटी या."

आईचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्याकडूनच आलं हिला?"

"नाकही तुझंच आलंय," लेक म्हणाली. "कधी तक्रार केली?"

"तुमचे पाय दुखतात का?" डॉक्टरबाईंनी आईला विचारलं.

"छे! आई दिवसभर घरात भिंगरीसारखी फिरते," लेकच बोलून गेली.

"दुखतात," आई म्हणाली.

लेक वळून बघतच राहिली. "कधीपासून?"

"तू व्हायच्या आधीपासून."

मग आईनं पर्स खाली ठेवली, चपला काढल्या, खुर्चीत मागे रेलली आणि दोन्ही पाय पुढे ऐसपैस पसरले.