उलटं पाणी
परदेशात, ओटाहुहूच्या मासळीच्या कोल्डरूमचं मशीन तापलं, तसा शाळा सोडून तिथेच कामाला लागलेल्या सलोनीने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. घटस्फोटानंतर बाबा तिकडे परतला होता. एरवी तो "कामात आहे" म्हणून कटवायचा, पण स्वतः बसवलेल्या या मशीनचं नाव काढलं की थांबायचा. "कंडेन्सर तुंबलाय. व्हॉल्व्ह फिरव, पाणी उलटं सोड, गाळ निघेल." "कळतं मला! ओरडू नको!" "ओरडतेयस तूच. माझाच तापट स्वभाव घेतलायस, कार्टे!" तो हसला. तिलाही हसू फुटलं. नळीतून बादलीत गंज, शेवाळ, चिखल भसाभसा आला. प्रेशरचा काटा उतरला. पाणी नितळ झालं. तिकडून एका बाईने चहाला हाक मारली. "आलो गं! सलू, पाणी साफ आलं ना? ठेवू मग?" सलोनीने कॅमेरा बादलीवरून झटकन स्वतःकडे वळवला. "नाही रे बाबा, अजून घाण येतेय."