मण्यारीचं विष

मुलाखतीतून बाहेर पडणारा प्रत्येक उमेदवार पडेल चेहऱ्याने घरी जात होता. पीएचडीचा विषय सांगायचा, आणि टेबलावरच्या यंत्राने त्याचं उत्तर तिथल्या तिथे दिलं तर प्रवेश नाही, असा आता विद्यापीठाचा नियमच होता.

सुमित्रा मडावी आत गेली. "मण्यारीच्या विषावर सगळीकडे चालेल असं औषध शोधायचंय," ती म्हणाली.

यंत्राने लगेच औषधाची रचना पडद्यावर मांडली.

"संपलं की, मडावी," मुलाखत घेणारे डॉ. लोखंडे हळहळले.

सुमित्रा जागची हलली नाही. तिने यंत्रालाच विचारलं, "आमच्या गडचिरोलीच्या मण्यारीवर चालेल हे?"

"चालायला हवं."

"हवं म्हणजे? तिथलं विष तपासलंयस तू?"

"नाही. तिथला एकही नमुना माझ्याकडे नाही."

"माझ्या मावशीला मण्यार चावल्यावर असंच सगळीकडे चालणारं औषध दिलं होतं, सर," सुमित्रा शांतपणे म्हणाली. "ती वाचली नाही. मी नमुने आणते आणि याला शिकवते."

"पण जंगलात साप शोधत फिरणार कोण?"

"मीच. याला पाय कुठे आहेत?"

लोखंडे मोठ्याने हसले. "बाहेरच्यांना सांगा," ते दारातल्या शिपायाला म्हणाले, "ही जागा भरली."