मोडीचा भाव

नाणेवाल्याने मूठभर नाणी काउंटरवर पसरली, भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. समोर बसलेल्या बाईला वाटलं, आता तो मोठं भिंग काढेल.

त्याने काढलं नाही.

"तळाशी आणखी जुनी आहेत," ती म्हणाली. "जहाजाचा छाप असलेली आहेत, मधे भोक असलेली आहेत. सगळी बघा की."

तिने चामड्याची बॅग उचलून काउंटरवर रिकामी केली. नवऱ्याने नोकरीभर खांद्याला लावलेली कंडक्टरची बॅग होती ती. भाड्यात एखादं जुनं नाणं आलं की तो आपल्या खिशातलं नवं आत टाकायचा आणि जुनं घरी आणायचा. आता तो अंथरुणाला खिळला होता. एक बाजू गेली होती, बोलणं तुटकतुटक झालं होतं. त्याला उचलायला, कूस बदलायला घरात माणूस ठेवायचा होता. म्हणून ती बॅग घेऊन आली होती. निघताना तो चांगला हात उंचावून काहीतरी सांगू पाहत होता. स्वस्तात देऊन टाकू नकोस म्हणतोय, असं तिला वाटलं.

नाणेवाला डाळ निवडावी तशी नाणी बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिला. मग हात झटकले.

"बाई, जुनी आहेत, पण दुर्मीळ नाहीत. टाकसाळीने पोत्यांनी पाडलेला माल हा. वर वापरून गुळगुळीत झालेला. माझ्याकडेच असल्यांचे डबे पडून आहेत, फुकट देतो म्हटलं तरी कोणी नेत नाही."

"नीट बघा. ह्यांना कळतं त्यातलं."

नाणी परत भरायला त्याने बॅग ओढली आणि तिच्या पट्ट्यावर त्याचा हात थांबला. तुटलेली कडी तांब्याच्या तारेने बांधलेली होती.

"ही बॅग मी पाहिलीय," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर स्वतः घेऊन आले होते. बरीच वर्षं झाली. उंच, जरा वाकून चालणारे?"

"आता चालत नाहीत."

"अरेरे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "त्यांनाही हेच सांगितलं होतं मी. तेव्हा निदान चलनात तरी होती. म्हटलं, बँकेत जा, आहे ती किंमत पदरात पाडून घ्या. फार नसली तरी अगदीच थोडी नव्हती. पुढच्याच वर्षी बंद झाली."

"मग का नाही गेले?"

"ते मला काय माहीत? बायकोला कुठल्याशा दुकानात भागीदारी घ्यायचीय म्हणत होते. शिवणकामाचं की काय. मी रक्कम सांगितली तर तिथेच बसून राहिले. त्याच स्टुलावर. पाणी दिलं, तेही प्यायले नाहीत. म्हणाले, आता घरी काय तोंड दाखवू?"

बाईने स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या.

धाकटी बहीण त्या वर्षी दुकान टाकत होती. ताई, अर्धी भागीदार हो, म्हणून मागे लागली होती. एके संध्याकाळी नवरा घरी आला, बूट न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मशीनवर पाठ मोडून घ्यायची काय गरज आहे तुला? बॅग आहे ना आपली. जितकी जुनी होतील तितका भाव चढेल." ते ऐकून तिला केवढं बरं वाटलं होतं. बहिणीला तिने ऐटीत नकार दिला. पुढे त्याच बहिणीच्या दुकानात ती पगारावर काजं-बटणं करायला जाऊ लागली, आणि डोळे साथ देईनात तोवर जात राहिली.

"मोडीत घेता का?" तिने विचारलं.

"घेतो. पण घरी विचारून या हवं तर. माणसाचा जीव असतो अशा गोष्टींत."

"वजन करा."

त्याने वजन केलं. हातात पडलं ते तिने न बघता कमरेला खोचलं आणि रिकामी बॅग खांद्याला अडकवून निघाली.

घरी आली तेव्हा नवरा जागाच होता. शेजारीण त्याच्या उशाशी बसली होती, ती उठून गेली. त्याची नजर आधी बायकोच्या तोंडाकडे गेली, मग बॅगेकडे. बॅग चपटी झाली होती. तो बघत राहिला.

तिने बॅग खुंटीला लावली, हात धुतले. दूध कोमट केलं, त्यात ब्रेड कुस्करला, त्याच्या मानेखाली उशी सरकवली आणि चमच्याने भरवू लागली.

"ऊन... होतं?" त्याने विचारलं.

"होतं."

"पाय... दुखले?"

"नाही."

तिने पुढचा चमचा भरला. ओठाच्या कडेने ओघळलेलं दूध पदराने टिपलं.

"बहीण... बरी?"

"तिच्याकडे नव्हते गेले मी. कुठे गेले होते ते तुम्हाला माहितीय."

त्याने छताकडे बघितलं. पंखा बंद होता.

"विचारा ना," ती म्हणाली. आवाज चढवावा असं तिला फार वाटत होतं, पण तो चढला नाही. "सकाळपासून बाहेर होते मी. किती आले म्हणून विचारा की एकदा."

त्याने नजर छतावरून खाली आणली. मग त्याने तोंड उघडलं.

ती पुढे वाकली. त्याचे ओठ तसेच उघडे राहिले. तो पुढच्या घासाची वाट पाहत होता.