लाल रेघ
पटपडताळणीच्या आदल्या संध्याकाळी आईने वर्गाच्या हजेरीपटातली एकोणीस नावं लाल पेनाने खोडली. "ही मुलं कधीच शाळा सोडून गेलीत," ती म्हणाली. "पट घटला तर अनुदान जाईल. एवढ्याशा खोट्याने काय आभाळ कोसळणार आहे?" मी फणकारले. तिने पेनाला टोपण लावलं. सकाळी ती उठलीच नाही. पडताळणी पुढे ढकलली. तिसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष सांत्वनाला आले आणि पिशवीतून नव्याने उतरवलेला हजेरीपट काढला. त्यात एकोणीसही हजर होती. "लहानपणी प्रगतिपुस्तकावर आईची सही ठोकायचीस, बाईच हसत सांगायच्या. आता एकदाच ठोक. एवढ्याशा खोट्याने काय आभाळ कोसळतंय, पोरी?" वाक्य माझंच होतं. आईचं पेन टेबलावरच होतं. मी टोपण काढून पानभर आडवी रेघ मारली. "तिला कधी म्हटलं नाही, तुम्हाला सांगते. आईचं बरोबर होतं. उठा."